सव्वीस डिग्रीचं झाड

एकाच ऑफिसात माणसं फार वर्षं बसली की किस्से धुळीसारखे साचतात, कुणी झटकत नाही. आमच्या जळगावच्या ऑफिसातले निम्मे किस्से हेडक्लार्क नानांचे, आणि नानांचे बहुतेक त्यांच्या कुंडीतल्या रबर प्लांटचे. दोघं आठ वर्षं एकाच टेबलाशी होते.

धुळ्याहून नवे साहेब बदलून आले. त्यांनी पहिल्याच दिवशी एसी अठरावर केला. आठवड्यात झाडाची पाच पानं गळाली. नानांनी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि एसी सव्वीसवर नेला.

"नाना, मला घाम येतो."

"येऊ द्या साहेब. तुमचं काही गळत नाही."

साहेबांच्या डोक्यावर तेव्हाच फारसं काही उरलेलं नव्हतं. आम्ही फायलीत तोंडं घातली.

मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहाला चालेल इतकं तापतं. शेजारच्या टेबलावरच्या सुनीताताईंनी एकदा तेच, तीन वाजता, अगदी प्रेमाने झाडाला घातलं. संध्याकाळी पानांनी माना टाकल्या. नाना चिडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून झाडाला माठातलं पाणी, आणि माठ रिकामा म्हणून आम्हाला नळाचं!

थंडीत झाडाला नवीन पान फुटेना. साहेबांनी खत मागवायला सांगितलं. नाना म्हणाले, ते गारठ्यात झोपलंय, झोपलेल्याला ताट कशाला वाढायचं? फेब्रुवारीच्या शेवटी लाल कोंब दिसला, तेव्हा नानांनी पेढे वाटले. मुलाला नोकरी लागली तेव्हा नुसता चहा पाजला होता.

पण नाना मेअखेर रिटायर होणार होते आणि झाड घरी न्यायचं होतं. घर पत्र्याचं, बाहेर पंचेचाळीस. एसीतून एकदम नेलं तर आठवड्यात जाईल, ही धास्ती त्यांनी आम्हाला बोलून दाखवली. म्हणून एप्रिलपासून ते कुंडी व्हरांड्याच्या सावलीत ठेवू लागले. पहिला आठवडा रोज एक तास, दुसरा दोन. आम्ही जाता-येता विचारायचो, झाड कितीवर आलं? "तीन तासांवर," नाना सांगायचे. मे संपताना ते आठ तासांवर आलं. निरोपाच्या दिवशी नाना कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसले.

पुढच्या सोमवारी सकाळी दहाला नाना जुन्या टेबलाशेजारच्या स्टुलावर हजर. ऑफिस सहाला सुटतं, ते पाचला उठून गेले. आठवडाभर असंच. पुढच्या आठवड्यात चारला उठायला लागले, मग तीनला. चौथ्या आठवड्यात दोनला डबा उचलताना साहेबांनी त्यांना पाहिलं आणि विचारलं, झाड कसं आहे?

ऑफिसात आठ वर्षं शुद्ध बोललेले नाना दारातून वळून अहिराणीत म्हणाले,

"झाड रुळनं साहेब. मी आजून चार तासवर शे."