विषय सोडून, रद्द

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस... चित्र हललं तर आधी अँटेना बघतो, देव नंतर. पण एक गोष्ट तीस वर्षं घशात अडकली आहे, ती इथे टाकतो.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत, आमच्याकडे इंटरनेट यायच्या आधी, मी जळगावात पिंप्राळ्याच्या घरी बुलेटिन बोर्ड चालवायचो. म्हणजे एक संगणक, एक मोडेम, एक फोन. लोक आपल्या संगणकावरून माझ्या संगणकाला फोन लावत, निरोप लिहीत, इतरांचे वाचत. धुळ्याला नाना असाच बोर्ड चालवत. रोज सकाळी सहाला माझा संगणक त्यांच्या संगणकाला फोन करून नवे निरोप द्यायचा. वर कुणी मालक नाही, जो तो आपल्या बोर्डाचा राजा! माझ्याकडे विषय एकच – तंत्रज्ञान. प्रत्येक निरोप आधी मी वाचणार, मंजूर केला तरच पुढे जाणार. नाहीतर "विषय सोडून, रद्द" असा शेरा मारून खोडायचा. बायको म्हणायची, "वीस माणसांचे कलेक्टर झालात हो!" खरं सांगतो, मला ते आवडायचं.

फैजपूरचा वासुदेव मात्र डोकं उठवायचा. मोडेमचं विचारता विचारता केळीच्या बागेवर, भरताच्या वांग्यांवर घसरायचा. "वासुदेवभाऊ, हा गावातला पार नाही," असं मी त्याला दोनदा बजावलं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराला त्याचा निरोप आला. पहिली ओळ – "मंडळी, आज मोडेमचं काही नाही..." पुढचं मी वाचलंच नाही. रद्द. बाराच्या सुमारास गल्लीतल्या खोदकामात केबल तुटली आणि फोन तीन दिवस बंद पडला.

चौथ्या दिवशी फोन सुरू झाला आणि पहिला फोन नानांचाच. "भाऊ, तू निरोप धाडा म्हनीसन जीव वाचना त्याना!"

"कुणाचा जीव, नाना?"

वासुदेव. घरचे सगळे पिंपळनेरला लग्नाला गेलेले. मळ्यातल्या घरात तो घसरून पडला, मांडीचं हाड मोडलं. सरपटत संगणकापर्यंत आला आणि लिहिलं. नानांनी वाचताच फैजपूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवलं.

"मग त्याने सरळ फोन करून कुणाला का नाही सांगितलं?" मी चिडूनच विचारलं.

नाना म्हणाले, "तुले ठाऊक नही का? घसानं ऑपरेशन व्हयनं तवपासून त्याले आवाजच नही."

मला ठाऊक नव्हतं. बोर्डावर आम्ही सगळे सारखेच बोलायचो ना! आणि त्याच्या संगणकात नंबर एकच होता, माझा.

निरोप कधी मिळाला म्हणून विचारलं, तर त्याच दिवशी दुपारी एक वाजता.

मी धुळ्याला जाऊन स्वतः पाहिलं. नानांच्या नोंदीत माझ्या संगणकाचा एक वाजताचा फोन आहे. माझ्या नोंदीत नाही. एक वाजता माझी लाइन मेलेली होती, आणि निरोप मी माझ्या हाताने खोडलेला. जाणकारांना विचारून झालं. कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही.

निरोपाखाली नेहमीच्या जागी माझ्या नावाने शेरा होता – "विषय सोडून आहे, पण जाऊ द्या."

असं मी कधीच कुणाला लिहिलं नाही.

भीती वाटली का? नाही. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तसं झालं. नानांकडे चहा प्यालो, एसटीने परत आलो. काही महिन्यांत बोर्ड बंद केला.

वासुदेवच्या मळ्यातून दर वर्षी केळीचा घड येतो. सोबत त्याची चिठ्ठी – "भाऊ, तुम्ही पुढे पाठवलंत म्हणून आज चालतोय." खरं काय ते मी त्याला अजून कळवलेलं नाही. बायको केळी गल्लीत वाटून टाकते. मी एकही खात नाही.