देवी कडुनिंबाखाली बसली तेव्हा

सुमनच्या अंगावर फोड उठले आणि त्याच दुपारी आम्ही बेघर झालो. जे घडलं ते सांगते. त्याला चमत्कार म्हणावं की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. कॅम्प-१ मध्ये ठेकेदाराच्या पत्र्याच्या लांबच लांब शेडमध्ये मजुरांची बिऱ्हाडं होती. मध्ये नुसते तट्टे. बाबा गेल्यावर माय आणि मी रेजा, म्हणजे बायामजूर, म्हणून लागलो होतो, डोक्यावर गिट्टीची घमेली वाहत होतो. सुमन माझी धाकटी बहीण, जेमतेम आठ वर्षांची. तिचा ताप उतरेना, मग चेहऱ्यावर फोड दिसले आणि मुकादमाने आमचं गाठोडं काठीने बाहेर ढकललं. त्याची भीती मला समजत होती. शेडमध्ये लेकरं होती. पण शेजारची काकू, आमच्याच भंडाऱ्याकडची, जिच्या ताटातली भाकर आम्ही खाल्ली होती, ती दारात उभी राहून म्हणाली, "दीक्षा घेतली अन् घरचे देव नदीत बुडवले ना? घ्या आता! तेच देवी बदला घेऊन राहिली." मी गाठोडं उचललं. एरवी मी तिथंच तिच्याशी वाद घातला असता.

कारण मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा आणायचे ती पत्रकं वाचूनच मला अक्षरओळख झाली. देवी हा रोग आहे, कोप नव्हे, टोचून घ्या, हे मी त्याच शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं होतं. दवाखान्यात धावले. तिथला टोचणारा भला माणूस होता. म्हणाला, "जागा नाही. पोरीला कुठंतरी वेगळी ठेव, मी तिथं येऊन सगळ्यांना टोचतो." मी विचारलं, "कुठं ठेवू?" तो पुढच्या माणसाचा दंड पुसू लागला. एवढा मोठा कारखाना उभा राहत होता आणि एका पोरीचं अंथरूण टाकायला जागा नव्हती.

परत आले तर मायजवळ एक बाई बसली होती. अनोळखी, तोंडभर देवीचे वण. तिने सुमनचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "मरोद्याकडं माताचं देवालय आहे," ती म्हणाली. "आमी बिनघराचे सारे तिथंच राहतो. चाला."

"देवीच्या दारात मी नाही येणार," मी म्हटलं.

"तू नको येऊ," माय म्हणाली. "मले जाऊ दे. पोरगी हातातून चालली अन् तुले दार कोनाचं ते पडलं!"

मी सुमनला पाठीवर घेतलं आणि चालू लागले. चैताचं ऊन होतं. तिचा श्वास माझ्या मानेला भाजत होता.

देवालय म्हणजे मातीची एक खोली आणि पुढे खापरांचं छप्पर. छपराखाली ओरिसातले, आंध्रातले, आमच्याकडचे मजूर राहत. कामावरून येताना जो तो मूठभर तांदूळ एकाच हंड्यात टाकायचा आणि ज्याला काम मिळालं नाही तोही त्यातूनच जेवायचा. हे सगळं सांभाळत होता गावचा म्हातारा पुजारी. तिकडे त्याला बैगा म्हणतात. त्याच्याही तोंडावर वण. त्याचं शेत कारखान्यात गेलं होतं.

मी दारातच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत. देवी मानत नाही." मायने मागून माझा पदर ओढला.

बैगाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "झन मान," तो त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला. "पानी त पीबे?" नको मानू, पाणी तर पिशील? छपराखाली कोणीतरी हसलं.

मग त्याने सुमनकडे पाहिलं आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात शेंदराने माखलेला दगड होता. त्याची देवी. त्याने ती अंगणातल्या कडुनिंबाच्या बुडाशी ठेवली. पुन्हा आत गेला, दुसरा दगड आणला, मग तिसरा. छपराखालचं हसू बंद झालं. एक मजूर ओरडला, "अरे बैगा, देवीले उन्हात काढतं का?"

"देवी त नोनी के देह म आ गे हे," म्हातारा म्हणाला. "पथरा भीतर बइठ के का करही?" देवी तर या पोरीच्या अंगात आली आहे, दगड आत बसून काय करतील?

 तो म्हणत होता ते मला मान्य नव्हतं, आजही नाही. पण देव नाकारणाऱ्यांच्या लेकरासाठी देवाला घराबाहेर काढणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. माझ्या एकाही पत्रकात तो नव्हता.

गार मातीच्या त्या खोलीत सुमन निजली. माय आणि मी सोडून, ज्यांना देवी येऊन गेली होती तेच आत येत. वणांची ती बाई रोज उशाशी बसायची. "मले का करते थे देवी?" ती म्हणायची. "माह्यं तोंड पाहून तेच पयते!" लेकुरवाळ्यांनी कुरकुर न करता आपलं बिऱ्हाड दूर आंब्याखाली नेलं. हंड्यातली पेज आधी आत यायची.

मी निरोप दिल्यावर टोचणारा आला तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. सगळे मागे सरले होते. बैगाने सर्वांत आधी आपला दंड पुढे केला. त्याला गरज नव्हती. मग एकेक जण उठला.

आणि एका संध्याकाळी सुमन डोळे उघडेना. माय भिंतीला टेकून बसली होती. मला भांडायला कोणी उरलं नव्हतं. मी सुमनचा हात धरून त्रिशरण म्हणू लागले. ते मी घोषणेसारखं म्हणत आले होते. त्या दिवशी हळू, तिच्या कानाशी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही मागत नव्हते, कोणाला हरवत नव्हते. फक्त सोपवत होते. बैगा उंबऱ्यात मांडी घालून ऐकत होता. थोड्या वेळाने सुमनने पाणी मागितलं.

खपल्या पडल्या. निघायचा दिवस आला. मी बैगाला विचारलं, "देवी आत कधी न्यायची?" त्याने हनुवटीने अंगणाकडे दाखवलं. एक बाई तापाने फणफणलेलं लेकरू कडेवर घेऊन उभी होती, आत यावं की नाही अशी.

सुमन अजून धड चालतही नव्हती. तिने आपली चटई झटकली, भिंतीशी सरळ घातली आणि त्या बाईला म्हणाली, "ये ना काकी, इथं गार वाटते."

मी कोणत्याही दगडापुढे वाकले नाही. पण त्या उंबऱ्याच्या बाहेर येताना माझी मान आपोआप खाली झाली. ती मी वर उचलली नाही.