माझी कंबर आणि नव्या गाडीच्या दोन सीटा

वडिलांनी मला दिलेली गाडी माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. पुढे सोफ्यासारखी एकसलग सीट, गियरचा दांडा स्टीअरिंगपाशी. मुरबाडहून धसईच्या शाळेत मी रोज तीच चालवत जाते. एक दिवस घरी येऊन मी एवढंच म्हणाले, "कंबर दुखते." दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने मलम आणलं असतं. माझ्या नवऱ्याने आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि तो तज्ज्ञ झाला.

"अगं, दोष कंबरेचा नाही, सीटचा आहे. नव्या गाडीच्या बकेट सीटा बसवू. पाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. चार बोल्टचं काम!"

कल्याणच्या भंगारवाल्याकडून त्याने दोन सीटा आणल्या. गाडी माझ्याकडे शाळेत, म्हणून वडाप जीपमधून. जीपवाल्याने दोघींचंही भाडं घेतलं. "मानसाची जागा घेतली ना? मंग पॅसेंजरच." नवरा हे संतापून सांगत होता. मला जीपवाल्याचं पटलं, पण मी चेहरा गंभीर ठेवला.

रविवारी आम्ही खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्या वेल्डरकडे गेलो. त्याने जुनी सीट काढली, नवी आत ठेवली आणि खाली वाकून पाहिलं.

"बाई, भोकं एक पन जुळत नाय. खालचा पत्रा पन सपाट नाय."

"चार बोल्टचं तर काम आहे," नवरा म्हणाला.

"बोल्ट चारच लागतील साहेब. पन ते कशात घालू?"

मग लोखंडी पट्ट्यांची चौकट झाली, तिला पेलायला पत्र्याखाली आणखी जाड पत्रा झाला. वेल्डिंगची ठिणगी कुठे पडली तर म्हणून नवऱ्याला पाण्याची बादली देऊन उभं केलं होतं. दिवसभरात त्याच्यावर सोपवलेलं हे एकच काम, आणि ते त्याने उत्तम केलं.

चौकटीमुळे सीट चांगली चार बोटं वर आली. मी जेमतेम पाच फूट. उशी न घेता मला पहिल्यांदाच बॉनेटपलीकडचा रस्ता दिसला. नवरा सहा फूट. तो शेजारी बसला आणि त्याचं डोकं छताला टेकलं. सीटची पाठ मागे रेलवावी म्हटलं, तर तिचा खटका दाराला अडलेला. मागे रेलायचं तर आधी दार उघडायचं, अशी सोय झाली होती.

"माझ्या वडिलांची गाडी आहे ही! जुनी सीट परत बसवा," मी चिडून म्हणाले.

वेल्डरने पक्की जोडलेली चौकट दाखवली, आणि नव्या सीटा तशाच राहिल्या. पुढच्या रविवारी वैशाखऱ्याला नणंदेकडे निघालो, तेव्हा नवरा मुकाट्याने मागे जाऊन बसला. त्याला मागच्या दारातून उतरताना पाहून नणंद म्हणाली, "काय रे दादा, वहिनीला ड्रायवर ठेवलंस?"

मीही उतरले. हसतच होते, आणि लक्षात आलं की उतरताना माझा हात कंबरेवर गेला नव्हता. पाऊण तास चालवूनही काही दुखत नव्हतं. हे तिथेच सांगायला हवं होतं. पण तो बहिणीला आतल्या लोखंडी चौकटीची रचना समजावत होता, जणू स्वतःच वेल्डिंग केलंय.

गुरुवारी सांगितलं. त्याने नुसतं "बरं" म्हटलं. मग संध्याकाळचा चहा त्यानेच केला, आणि तो करताना शीळ घालत होता.