फळा पुसू का, सर?

लाओ लिन प्रोफेसरांशी फोनवर बोलायचा तो उभा राहून. आमच्या भाड्याच्या घरात फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवर होता. पलीकडे प्रोफेसर बेकर आहेत असं कळलं की हातातला वाडगा खाली ठेवून हा ताडकन उठायचा, शर्टाचं वरचं बटण लावायचा आणि मगच "येस, सर" म्हणायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी हसून हसून बेजार झालो. अरे, त्यांना थोडंच दिसतंय, असं म्हणालो, तर तो शांतपणे म्हणाला, "मला दिसतंय ना."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिशिगनमध्ये आम्ही दोघं इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.साठी आलो होतो. चीनने आपली मुलं बाहेर शिकायला पाठवायला नुकतीच सुरुवात केली होती. मुलं आपली म्हणायची, लिन चाळिशीला टेकला होता. ऐन शिकायच्या वयात, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमीत, त्याची रवानगी खेड्यात डुकरं राखायला झाली होती. तिथे त्याने एकच इंग्रजी पाठ्यपुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ केलं आणि त्या जोरावर इथवर आला. त्यामुळे "मी आपणांस भात वाढू इच्छितो" अशा थाटात तो बोलायचा. पाठ करायची सवय इतकी, की गाडी चालवता येत नसताना त्याने मिशिगनचा रस्त्यांचा नकाशा पाठ केला होता. तिकडून आलेल्या चौघांचेही सूट एकाच शिंप्याने एकाच तपकिरी ताग्यातून बेतलेले. ते चौघं मिळून निघाले की बँडपथक चालल्यासारखं वाटायचं.

त्यांच्यात वडीलधाऱ्याला 'लाओ' म्हणतात आणि धाकट्याला 'शाओ'. म्हणून तो माझा लाओ लिन. माझ्या देवधर आडनावातलं 'धर' काही त्याच्या तोंडात बसेना, म्हणून मी शाओ देव. धाकटा या नात्याने मी त्याच्या हातच्या नूडल्स खायच्या आणि बोलणीही, असा आमचा संसार होता.

लेखी परीक्षेत तो सगळ्यांच्या वर आला. राहिली तोंडी परीक्षा. ती पार पडली की पीएच.डी.ची वाट मोकळी, मग बायको आणि मुलगी इकडे येणार. नापास झाला तर आणखी एक संधी, आणि तीही गेली तर परत. मुलीसाठी त्याने जुन्या सामानाच्या एका गराज सेलमधून लाकडी खुर्ची आणली होती, लाल रंगाची, जेमतेम गुडघ्याएवढी. खोलीतल्या खिडकीशी ती ठेवून तो मला सारखा सांगायचा, "ती इथे बसेल. इथून तिला बर्फ दिसेल."

बेकरांची एक खोड होती. तोंडी परीक्षेत ते फळ्यावर मुद्दाम एखादी चूक करत आणि विद्यार्थी आपल्याला अडवतो का ते बघत. अमेरिकन मुलं तर अशा चुकीवर टपूनच असायची. उष्णता गरम टोकाकडून थंड टोकाकडे जाते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. लिनच्या परीक्षेत बेकरांनी उणेच्या जागी अधिक लिहिलं, आणि त्या हिशेबाने थंड टोकच गरम टोकाला तापवू लागलं. लिनने तेच चिन्ह घेऊन, सुवाच्य अक्षरात फळा भरून गणित शेवटपर्यंत नेलं. हे बरोबर वाटतं का, असं बेकरांनी विचारलंसुद्धा. हा म्हणाला, "येस, सर," आणि नापास झाला.

त्याला चूक पहिल्या ओळीतच दिसली होती. घरी आल्यावर त्याने ती मला दाखवली. मग बोलला का नाहीस, असं मी जवळजवळ ओरडलोच.

"शाओ देव, खोलीत आणखी दोन प्रोफेसर बसले होते. त्यांच्यादेखत सरांचा मान जाईल असं मी कसं वागू? मला वाटलं, त्यांचं त्यांनाच दिसेल."

मी तडक बेकरांकडे गेलो. माणूस सज्जन होता, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी त्याला विचारलं, चूक दिसली होती का? तो म्हणाला, नाही सर, दोष माझाच. आता मी कोणाचं खरं मानू?" माझा माणूस माझ्याही आधी जाऊन माझी वाट बंद करून आला होता.

मग सराव सुरू झाला. स्वयंपाकघरात भिंतीला कागद चिकटवून मी गणितं मांडायचो आणि मुद्दाम चुका करायचो. "इथे चुकलास, शाओ देव," हा लगेच. एकही चूक सुटायची नाही. चुकून केलेल्यासुद्धा तो दाखवायचा आणि वर मान हलवायचा. एकदा मला वाटलं, जरा खऱ्यासारखं करू, म्हणून मी टाय बांधला, कोट चढवला, घसा खाकरला. तो उठून उभा राहिला आणि त्याचं तोंड बंद झालं. मी चुकीवर चूक करत गेलो आणि तो घाम पुसत "येस" म्हणत राहिला. आधी आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग कोणीच हसेना.

जवळच्या नोव्हाय गावातल्या देशपांडे काकू आम्हा पोरांना रविवारी जेवायला बोलवत. एकदा लिनलाही घेऊन गेलो तेव्हा त्यांच्या कानावर मी हे घातलं. त्या म्हणाल्या, "अरे, त्याला सांग ना, इट्स ओके म्हणून. माझी मुलं मला दिवसभर करेक्ट करतात. मी काय मेले का?" मी ते लिनला इंग्रजीत सांगितलं. त्याने काकूंकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

खरं तर मला त्याचा राग यायचा, आणि रागावण्याचा हक्क मात्र नव्हता. मास्तरांच्या पाया पडूनच मीही मोठा झालो होतो. बेकरांना 'बॉब' म्हणताना माझीही जीभ जड व्हायची. पण मी पहिल्या वर्षातच निर्ढावलो. त्याला ते जमलं नाही.

दुसऱ्या परीक्षेहून तो आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"मी सांगितलं त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगितलंस?"

"हात वर केला. विचारलं, फळा पुसू का, सर?"

मी कपाळावर हात मारला. "मग?"

"नको म्हणाले, राहू दे." त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं. "आमच्याकडे यापेक्षा स्पष्ट कोणी बोलत नाही."

संध्याकाळी बेकरांचा फोन आला. हा उभा राहिला, बटण लावलं आणि शेवटपर्यंत "येस, सर" म्हणत राहिला. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

निघायच्या दिवशी बेकर स्वतः गाडी घेऊन आले. लिन पुढे बसला, मी मागे सामानात दडपलेलो. वाटेत बेकर त्यांच्या मासेमारीच्या गमती सांगत होते. मध्येच लिनचा हात गुडघ्यावरून किंचित उचलला गेला आणि परत खाली आला. बऱ्याच वेळाने भलत्याच गावाची पाटी दिसली तेव्हा बेकर दचकले. आपण कुठे आलो, म्हणाले. लिनने अदबीने सांगितलं की विमानतळाची एक्झिट मागेच राहिली.

"तुला तेव्हाच दिसली होती?"

"येस, सर."

"मग बोलला का नाहीस?"

"गाडी आपण चालवत होतात, सर."

बेकरांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग आरशातून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला जे सांगून पटवता आलं नव्हतं ते आता त्यांना कळलं होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. समितीच्या सह्या झाल्या होत्या, तिसरी संधी कोणालाच मिळत नसे. विमान चुकावं असं मला फार वाटत होतं. ते चुकलं नाही.

आत जाताना बेकरांनी हात पुढे केला आणि म्हणाले, आता तरी मला बॉब म्हण. लिनने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि कमरेत वाकला. "थँक यू, सर." परतीच्या वाटेवर मासेमारीचा विषय निघाला नाही.

लाल खुर्ची तो मला देऊन गेला, तुझ्या मुलीसाठी म्हणून. माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं. पुढे माझी लेक त्या खुर्चीत बसून माझे इंग्रजी उच्चार सुधारू लागली, तेव्हा घरात सगळे हसायचे आणि मी मात्र त्या खुर्चीकडे बघायचो.

परत गेल्यावर लिन आपल्या गावच्या कॉलेजात शिकवू लागला. नव्या वर्षाला त्याचं कार्ड येतं, त्याच पाठ्यपुस्तकी इंग्रजीत. एका वर्षी त्याने लिहिलं होतं: "प्रोफेसर बेकर यांची पद्धत मी अनुसरतो. फळ्यावर मुद्दाम एक चूक करतो आणि वाट बघत थांबतो. माझे विद्यार्थी फार गुणी आहेत. ते उठून उभे राहतात, पण बोलत नाहीत. मग फळा मीच पुसतो."