ब्रेकवरचा पाय

सुधीरचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, डावा पाय क्लच दाबेनासा झाला तेव्हा आम्ही जुनी गाडी विकून ऑटोमॅटिक घेतली. काही महिने त्याने ती चालवलीही. आता मी चालवते आणि तो शेजारी बसतो.

जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच तिला मागे ओढून धरायचं. ब्रेकला नुसता पाय लावला तरी पुरायचं. हिला तसं कोणी धरत नाही, सगळा भार ब्रेकवर. पाय उचलला की ही आपसूक पुढे सरकते. सिग्नलला पोटरी भरून येईपर्यंत मी ब्रेक दाबून ठेवते. कोणी न ढकलता पुढे सरकणारं असं आणखीही काहीतरी आमच्या घरात आहे, सुधीरचं दुखणं.

ब्रेक लावायला मला जरा उशीर झाला की सुधीरचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला जायचा. मी चिडायचे, "तिकडे ब्रेक नाहीये रे."

आज हॉस्पिटलला जाताना पुढची रिक्षा अचानक थांबली. माझा डावा पाय जुन्या सवयीने क्लच शोधत रुंद ब्रेकवर पडला. गाडी गचकन थांबली, आम्ही दोघंही पुढे फेकले गेलो. सुधीरचा उजवा पाय मात्र मॅटवर होता तसाच होता, दाबला गेला नाही. आम्ही दोघांनीही खाली त्या पायाकडे पाहिलं.

रिक्षा निघून गेली. मागून हॉर्न वाजू लागले.

"अगं, सोड आता ब्रेक," तो हळूच म्हणाला.

मी दोन्ही पायांनी दाबून धरला.