टाकीवाल्यांच्या बायका जहाजावर

डोहाळजेवण असो की वास्तुशांत, आम्ही तिघी एका सतरंजीवर टेकलो की चहाच्या आधी जहाज येतं. एकीनं नुसतं "ते गुलाबाचं पाणी!" म्हणायचा अवकाश, की दुसरी पदर सावरून पुढं सरकते. किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. मिसळणाच्या डब्याच्या तळाशी मोहरी जमावी तसे ते जमत जातात आणि डबा हलला की वाजतात. ऐकणाऱ्या म्हणतात, "काय मजा केली असेल हो तुम्ही!" मजा? मी त्या जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंत रागातच होते! आजसुद्धा सांगताना माझा आवाज चढतो, आणि पलीकडच्या खोलीतून आमचे हे म्हणतात, "अगं, हळू. जहाज कवाच गेलं."

आम्ही तिघी म्हणजे मी उदगीरची, सुनंदावहिनी नांदेडच्या आणि मंगलताई मुखेडच्या. तिघींचे नवरे एकाच कंपनीच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या विकतात. एवढंच आमचं नातं. पण एका कंपनीच्या डीलरांच्या बायका म्हणजे जावाच की हो!

*

सुरुवात अशी झाली. त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. तलाव आटला, नळ कधी येणार ते नळालाही माहीत नव्हतं. टँकर आला की मिळेल तेवढं भरून ठेवायचं, म्हणून ज्यानं त्यानं टाकी घेतली. एका गच्चीवर दोन दोन! आमच्या दुकानापुढं टाक्यांचे टेम्पो उभे.

मी तेव्हा महादेवापुढं नवस बोलले होते. नळाला पाणी येईपर्यंत एका कळशीत अंघोळ, आणि रोजच्या पूजेत दुसरं काही मागायचं नाही, फक्त पाऊस.

एका दुपारी हे दुकानातून पेढे घेऊन आले. "अगं, सगळ्या मराठवाड्यात आपण पहिले! कंपनी सिंगापूरहून जहाजानं फिरवणार. बाकीच्यांना साध्या खोल्या, आपल्याला लक्झरी सूट!"

"कशाबद्दल?"

"टाक्या खपल्या म्हणून."

"आणि टाक्या का खपल्या?"

ह्यांनी पेढ्यांचा पुडा सोडला. मग पेढा माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "अजून एक आहे. आपलं उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणून बोलून राहिले सगळे. झाला की नव्या जिल्ह्याचा मुख्य वितरक कंपनी नेमणार. नाव जहाजावर शेवटच्या दिवशी जाहीर करणार. तू फक्त एक कर."

"काय?"

"महादेवाला सांग, जरा दमानं घे म्हणावं. आधी वितरकी होऊ दे, मग पाड पाऊस!"

मी पेढा देवापुढं ठेवला आणि त्या दिवशी दुप्पट वेळ पूजेला बसले.

*

सूट म्हणजे काय, तर आमच्या घरापेक्षा मोठी खोली. दिवाणखाना वेगळा, झोपायचं वेगळं, गॅलरी वेगळी. वर दिमतीला एक बटलर. दार्जिलिंगकडचा, हिंदी बोलणारा, बिचारा सारखा वाकायचा. आम्ही जेवायला गेलो तेव्हा त्यानं आमच्या बॅगा उघडून सगळं सामान जागच्या जागी लावून ठेवलं. न विचारता! माझ्या साड्या हँगरला, ह्यांचे बनियन खणात, ज्वारीच्या कडक भाकरी फ्रीजमध्ये.

संध्याकाळी सुनंदावहिनींचे मिस्टर सूट बघायला आले. बाथरूममध्ये हात धुवायला गेले ते बाहेरच येईनात. शेवटी दार उघडून तक्रारीच्या सुरात ह्यांना म्हणाले, "आप्पा, नावालाच लक्झरी हाय बघा! एवढा साबण घासला, फेसच न्हाई!"

मी धावले. पूजेच्या विभूतीच्या पांढऱ्या वड्या त्या बटलरनं साबणाच्या ताटलीत मांडून ठेवल्या होत्या! मी अशी भडकले, की बटलर दाराबाहेरच थिजला. पण सुनंदावहिनींनी नवऱ्याच्या पांढऱ्याफटक हातांकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "असू द्या अक्का. लग्नापास्नं सांगून राहिले, देवाचं कायतरी करा. आज कोपरापर्यंत केलं!"

*

आता ते गुलाबाचं पाणी.

गॅलरीत एक गोल हौद होता. त्याला जकूझी म्हणतात. आम्ही जहाज बघून परत आलो तर तो काठोकाठ भरलेला, गरम वाफा, वर गुलाबाच्या पाकळ्या. बटलर हसून म्हणाला, "मॅडम, आपके लिए." माझ्या डोळ्यांपुढं आमच्या गल्लीतली टँकरची रांग उभी राहिली. रांगेतल्या बायांच्या घागरी मी त्या हौदात मनातल्या मनात ओतायला लागले, हौद काही भरेना.

"मी नाही उतरणार ह्यात."

"ठीक है मॅडम, खाली कर देता हूँ."

"खाली? म्हणजे सोडून देणार?" मी हौदापुढं आडवी आले. माझी अंघोळ सकाळीच झाली होती, बर्फ ठेवायच्या चांदीसारख्या बादलीत पाणी घेऊन. पण हे पाणी डोळ्यांदेखत समुद्रात जाऊ देणं माझ्या जिवाला सोसेना. मी दोघींना फोन लावला. "धुण्याचं घेऊन या!"

पाकळ्या वेचून बाजूला काढल्या. मग तिघींनी मिळून सगळं धुतलं. इरकली, सुती, चादरी, ह्यांचा पंचा, मंगलताईंच्या मिस्टरांची सफारी. गॅलरीच्या कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत वाळत घातलं. समुद्राचा वारा असा, की घडीभरात कडकडीत! आणि गुलाबाचा वास फुकट.

तेवढ्यात कंपनीचे एरिया मॅनेजर मोहिते धापा टाकत आले. पुण्याचा पोरसवदा माणूस, कायम टाय. "अक्का, आधी ते सगळं काढा! कॅप्टनचा निरोप आलाय. शेजारून गेलेल्या जहाजानं हे बावटे बघून विचारलं, तुम्हाला मदत पाहिजे का?"

मंगलताई साडीची घडी घालत म्हणाल्या, "हाव म्हणून सांगा. टँकर पाठवा म्हणावं!"

*

सकाळी उजाडायच्या आत उठून पाणी भरायची सवय. ती काय पासपोर्टवर शिक्का मारला म्हणून जाते? तिथं नळाला चोवीस तास पाणी, हे आम्हाला कळत होतं. पण हात ऐकत नव्हते. सुनंदावहिनी पहाटे उठून खोलीतलं जे जे खोलगट दिसेल ते भरून ठेवायच्या. पेले, किटली, फुलदाणी. कचऱ्याची बादलीसुद्धा घासूनपुसून भरली! खोली आवरणारी मुलगी आली की सगळं ओतून टाकायची. दुसऱ्या दिवशी वहिनी पुन्हा भरायच्या, ती पुन्हा ओतायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण भांडण पहिल्या दर्जाचं चालायचं.

शेवटी त्या मुलीनं मोहित्यांना बोलावून आणलं. मोहित्यांनी समजावलं, "वहिनी, जहाजावर मोठं मशीन आहे. समुद्राचं खारं पाणी गोडं करतं. पाणी संपतच नाही इथं."

ऐकत उभ्या असलेल्या मंगलताईंचा पारा चढला. एरवी मोजकं बोलणारी बाई. त्यांच्या वस्तीत टँकर सगळ्यात शेवटी यायचा, तोही गढूळ तळ घेऊन. बाबासाहेबांनी पाण्यासाठी काय केलं ते लहानपणापासून ऐकत वाढलेली ती बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "समुद्राचं गोडं करायची अक्कल हाय, अन् आमच्याकडं गोडं हाय तेवढं बी वस्तीपर्यंत पोचवायची न्हाई?"

मोहिते टाय सैल करत म्हणाले, "ताई, मी फक्त टाक्या बघतो."

"तेच म्हणून राहिले मी. सगळे टाक्याच बघतेत!"

*

पुरुषांचं वेगळंच. समुद्र बघायचा सोडून जेवणाच्या टेबलावर सकाळ-संध्याकाळ नवा जिल्हा! कुठला तालुका कुठं जाणार यावर घसे कोरडे. एकदा आमच्या ह्यांनी टोपलीतले पाव घेऊन टेबलावर नकाशाच मांडला. "हे बघा, हे उदगीर. हे जळकोट. हे देवणी. आणि हे मुखेड, आपल्यात."

मंगलताईंचे मिस्टर उसळले. "आमाला इचारलं का? आमी नांदेडचे हाव अन् नांदेडातच राहणार!" त्यांनी मुखेड उचलून पलीकडं ठेवलं. ह्यांनी परत अलीकडं आणलं. पलीकडं, अलीकडं. आवाज वाढले, आजूबाजूचे गोरे लोक बघायला लागले.

एवढ्यात दोघांचं लक्ष नाही असं बघून वेटर आला, टेबल पुसलं आणि निघून गेला.

हे म्हणाले, "मुखेड कुठं गेलं?"

"वेटर घेऊन गेला," मी म्हटलं.

मंगलताई जेवता जेवता मान वर न करता म्हणाल्या, "असंच होतं आमचं. जिल्हा कुणाचा बी होऊ द्या, आधी मुखेड उचलतेत!"

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण मध्ये आल्याशिवाय राहत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी हे गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "आज जेवणाच्या वेळी मोठे साहेब नाव जाहीर करणार. त्याआधी पहिल्या नंबरच्या डीलरच्या बायकोला माईक देतात. दोन शब्द छान बोल. कंपनीमुळं आमचं भलं झालं म्हण. पुढच्या वर्षी दुप्पट टाक्या विकू म्हण. साहेबांना टार्गेट ऐकायला आवडतं."

"दुप्पट टाक्या म्हणजे दुप्पट दुष्काळ."

"अगं, दुष्काळ मी पाडला का?"

"तुम्ही नाही पाडला. पण तो उठू नये असं तरी मनात आणू नका."

हे चिडले. "शाळेला टाकी फुकट दिली ती कुणी? मीच ना!"

"दिलीत. पोरं तिच्यावर खडे मारून आवाज काढतात. रिकामी आहे ती."

हे समुद्राकडं बघायला लागले. एवढं पाणी, आणि त्याच्याकडं बघतानाही ह्यांना लाज वाटत असावी. शेवटी म्हणाले, "वितरकी मिळाली तर पोरीचं मेडिकल निभतं गं. एवढंच."

मला राग आला होता तो तसाच राहिला, पण आता तो कुणावर काढावा ते कळेना. "खोटं नाही बोलणार मी. वाकडंही नाही बोलणार," एवढंच म्हटलं आणि साडी बदलायला गेले.

*

आणि मग ते जेवण.

मोठा हॉल, झुंबरं, सगळ्या मराठवाड्यातले डीलर बायकापोरांसह बसलेले. कंपनीनं खास महाराष्ट्रीय आचारी आणलेला. पुरी, बासुंदी, भरलं वांगं, सगळं पानात वाढून झालेलं. आणि भाषणं सुरू! आधी एक साहेब, मग दुसरे साहेब, मग पडद्यावर टाक्यांची फिल्म. बासुंदीवर साय धरली. लोक पानाकडं बघून राहिलेले, पण हात कुणी लावेना.

मोठे साहेब मुंबईचे, मराठी न समजणारे. हातात नावाचा कागद घेऊन उठले आणि हसत मला माईक दिला. मोहित्यांनी मराठीत विचारलं, "अक्का, पुढच्या वर्षाचं टार्गेट काय?"

समोर हे बसलेले. रुमाल दोन्ही हातांनी पिळत होते.

मी म्हटलं, "मी दुसरं काही मागत नाही, रोज एकच मागते. ते इथं सगळ्यांदेखत मागते. महादेवा, यंदा असा पाऊस पाड, की तलाव भरू देत, विहिरी भरू देत, गावोगावच्या नळाला रोज पाणी येऊ दे. इथं बसलेल्या सगळ्यांची घरं तू सांभाळ, दुसरा काही धंदा दे. पण पुढच्या वर्षी आमची एकही टाकी न खपो!"

मोहित्यांचं तोंड उघडंच. ह्यांच्याकडं बघायचा मला धीर होईना. मी घाबरले. आणि मागणं झालं की शेवटी म्हणायचं ते सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"नमः पार्वतीपते..."

आता आमच्याकडची पंगत तुम्हाला माहीत आहे. पान वाढलेलं असतं, पण कुणीतरी हे म्हटल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. आणि म्हटलं की मग कुणी कुणासाठी थांबत नाही.

"हर हर महादेव!"

अख्खा हॉल गरजला! झुंबरं हलली म्हणतात. औरंगाबादचे, बीडचे, परभणीचे, सगळे टाकीवाले एका आवाजात. सगळ्यात मोठा आवाज आमच्या ह्यांचा. आणि दुसऱ्या क्षणाला सगळ्यांचे हात पुरीवर! मंगलताई देवाबिवाचं कधी म्हणत नाहीत, त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या, डोळे पुसत होत्या. वाट्या खणखणल्या, बासुंदीचे भुरके सुरू झाले, कुणी कुणाकडं बघेना.

मोठे साहेब तसेच उभे, हातात तो कागद. माईकमध्ये "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं. कुणी मान वर केली नाही. शेवटी त्यांनी मोहित्यांकडं वाकून इंग्रजीत विचारलं, "हे सगळे काय म्हणाले?"

मोहित्यांच्या तोंडात अर्धी पुरी होती. ती त्यांनी सावकाश गिळली, टाय नीट केला आणि म्हणाले,

"सर, ठराव एकमतानं मंजूर झाला!"