धूर उफणणारी ठकुबाई

ठकुबाईचं वाऱ्याशी कधी पटलं नाही. बाकीचे लोक देवाला बोल लावत, ही अंगणात कमरेवर हात ठेवून वाऱ्याला शिव्या घाली. त्याला कारण होतं. तिचा नवरा ज्ञानू दम्याचा. खळ्यावरचा भुस्सा नाकात गेला की आठ-आठ दिवस त्याची छाती भात्यासारखी वाजायची. आमच्या हिरडवाडीत उफणायला पुरुष उभे राहत, पण ज्ञानूच्या खळ्यावर ठकुबाईच. तीन पायांच्या उंच वावडीवर चढून सुपातून धान्य सोडायची आणि वारा पडला की त्याचा उद्धार करायची. गंमत म्हणजे वारा निमूट यायचा.

भोरच्या शाळेत चार इयत्ता शिकून मी या वाडीत सून म्हणून आले, तेव्हा गावानं मला पहिली हीच बाई दाखवली. राजगडाच्या पायथ्याला पाली, आणि तिच्या वर डोंगराच्या एका सोंडेच्या दोन अंगांना दोन वाड्या. अलीकडे आमची, पलीकडे पायरवाडी. ठकुबाईची एकुलती लेक फुला पायरवाडीत दिली होती.

सन छत्तीसच्या फाल्गुनात गडापलीकडच्या रानाला वणवा लागला. आग लांब होती, पण धूर आमच्याकडे मुक्कामाला आला. दरी काठोकाठ भरली. भर दुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येई. लोकांनी दारांना ओली गोणपाटं लावली, पोरांच्या तोंडाला ओली फडकी बांधली. ठकुबाईनं तर घरची चूलच बंद केली आणि आमच्या चुलीवर भाकरी थापू लागली. तरी ज्ञानूला श्वास पुरेना. भिंतीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन तो नुसता बसून असे. दोन दिवस घास गिळला नव्हता. बाजेवर घालून खाली पालीला न्यावं म्हटलं, तर हलवताच ओठ काळेनिळे पडत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठकुबाईनं वावडी डोक्यावर घेतली आणि दारोदार हाक मारली. "सुपं घ्या गं! धूर उफनायचाय."

मी पडले शिकलेली. म्हटलं, "आत्याबाई, धूर कसा उफणणार?"

"भुस्सा दान्यातनं निगतो का न्हाई? मंग धूर हवंतनं का निगू नये? तुज्या बुकात न्हाई म्हून?"

मी घरात जाऊन सूप घेऊन आले. खरं सांगायचं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही सुचलेलं नाही.

सोंडेवर आम्ही बावीसजणी रांगेनं उभ्या राहिलो. मधोमध वावडीवर ठकुबाई. तिनं हात वर केला की आम्ही सगळ्या एकदम सुपं हलवायचो आणि धुराला पलीकडे ढकलायचो. खांदे भरून आले. संध्याकाळी धूर खरोखरच थोडा पलीकडे सरकला. वारा वळला असेल, मला काय ठाऊक! पण ठकुबाई घरी गेली तेव्हा ज्ञानू म्हणाला, "बरं वाटतंय. अर्दी भाकर खाल्ली." झालं! त्या अर्ध्या भाकरीनं पुढचं सगळं रामायण घडवलं.

दुसऱ्या दिवशी वर जातो तर पलीकडच्या काठावर पायरवाडीच्या बायका सुपं घेऊन हजर. पुढं फुला, पाठीला सात महिन्यांचं पोर बांधलेलं.

"आये, तुजा धूर तुज्याकडं ठेव!" ती ओरडली. "माजं लेकरू खोकून खोकून लाल झालंय."

"फुले, तुज्या बापाचा जीव चाललाय!"

"मंग माज्या लेकराचा काय फुकाचा हाय व्हय?"

दोघींचं खरं होतं. दोघींनी एकदमच सूप उचललं.

चार दिवस ही लढाई चालली. सूर्य डोक्यावर आला की थांबायचं. मायलेकी हिरड्याच्या सावलीत एका फडक्यातली भाकरी खायच्या. आई पोराचा खोकला विचारी, लेक बापाचा दम विचारी, दोघी डोळे पुसत आणि उठून पुन्हा एकमेकींच्या तोंडावर धूर लोटत. अडचण होती ती गवताची. कमरेइतकं वाळकं गवत, लुगड्यात कुसळं घुसायची, करवंदीच्या जाळ्या सुपं ओढायच्या. म्हणून रोज सकाळी आधी विळ्यानं गवत कापायचं, जाळ्या तोडायच्या, पाचोळा झाडायचा आणि मग भांडायला उभं राहायचं. पायाखाली काडी दिसता कामा नये, हा ठकुबाईचा हुकूम. आपण कमी नाही हे दाखवायला पायरवाडीच्या बायकाही त्यांच्या बाजूनं झाडत.

चौथ्या दिवशी जंगलाचा रखवालदार अय्युब भोरहून आला. सोंडेवरचं गवत काढा, मोकळा पट्टा ठेवा, म्हणजे वणवा अडेल, असं तो तीन वर्षं दोन्ही वाड्यांना विनवत होता. एकानंही विळा उचलला नव्हता. आता त्याच्यासमोर वीस हात रुंद, अंगणासारखी झाडलेली माती होती आणि तिच्या दोन्ही काठांना सुपं हलवणाऱ्या चाळीस-पन्नास बायका.

"ठकुबाई, हे कुणी करायला सांगितलं तुमास्नी?"

"सांगतंय कोन? बाजूला व्हा, तुमच्यापायी धूर अडतोय."

दुसऱ्या दिवशी वणवा स्वतःच आला. पायरवाडीच्या वरच्या रानातून उतार चढत आला. पायरवाडीची घरं खाली, नांगरलेल्या वावरांच्या मधोमध, तिथं जळायला काही नव्हतं. भीती आम्हाला होती. सोंड ओलांडली की आमची गवतानं शाकारलेली घरं, आणि त्यांतल्या एकात हलवता न येणारा ज्ञानू. फुला आणि तिच्या बायका पट्टा ओलांडून आमच्याकडे धावत आल्या.

"आये, पळ!"

"ह्येंना सोडून कुठं पळू?" ठकुबाई वावडीवर चढली. "उचला सुपं!"

फुलानं आईशेजारी उभं राहून सूप उचललं. पहिल्यांदाच सगळ्या एका बाजूला होत्या. अय्युब घसा फोडून ओरडत होता, "अवो, आगीला वारा घालू नका!" कोण ऐकतंय! मीही घातला. मला मरणाची भीती वाटत होती आणि हात थांबत नव्हते. जाळ पट्ट्याच्या कडेला आला, इकडे तिकडे चाटत फिरला, खायला काही मिळेना तसा खाली बसला. आमच्या बाजूला उडालेल्या ठिणग्या एकट्या अय्युबनं ओल्या डहाळीनं झोडपून विझवल्या. आम्हाला सवड नव्हती.

"उफनला!" ठकुबाई वावडीवरून ओरडली.

अय्युबनं काहीतरी समजवायला तोंड उघडलं, पट्ट्याकडे पाहिलं आणि मिटलं. शहाणा माणूस. पुढं दरवर्षी माघ संपता संपता तो यायचा आणि एवढंच विचारायचा, "ठकुबाई, औंदा सुपं कधी काढताय?" पट्ट्याचं नाव त्यानं पुन्हा कधी काढलं नाही.

ज्ञानू आणखी सहा वर्षं जगला आणि आषाढात, धुतल्या हवेत गेला. जायच्या आधी एकदा मला म्हणाला, "पोरी, ती अर्दी भाकर म्या कुत्र्याला घातली व्हती. दम तसाच व्हता. पर ती दिसभर हात मोडून आली व्हती, तिला काय सांगू?" हे ऐकल्यावर मला त्याच्याकडे बघवेना.

पुढच्या फाल्गुनात ठकुबाईनं पुन्हा वावडी डोक्यावर घेतली. आता कुणासाठी, असं विचारायला कुणी धजेना. मला राहवलं नाही. वाटेत मी तिला सगळं सांगून टाकलं.

"ठाव हाय," ती चालता चालता म्हणाली. "कुत्रं दारात तोंड चाटत बसलं व्हतं."

"मग इतकी वर्षं सूप कशाला हलवलंत, आत्याबाई?"

"ह्येंनी जल्मात येकदाच लबाडी केली, ती बी माज्यासाटी. ती उगडी पाडाया म्या सूप खाली ठिवू व्हय?"

मला रडू फुटलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सोंडेवर पोचल्यावर तिनं वावडी खाली ठेवली आणि कमरेचा विळा काढून माझ्या हातात दिला.

"रडतीस काय? आदी गवात काप."